लंडनहून मुंबईकडे : १९४२ च्या नभोवाणी-चर्चेतील एक मौन

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेले एक छायाचित्र आहे. ते १९४२ मधले, बी.बी.सी.च्या लंडनमधील स्टुडिओत घेतलेले. काही माणसे बसली आहेत, तिघे मागे उभे आहेत. बसलेल्यांमध्ये टी. एस. एलियट आहेत, जमैकाच्या कवयित्री युना मार्सन आहेत, मुल्कराज आनंद आहेत, सिलोनहून आलेले कवी-संपादक तंबिमुत्तू आहेत, नारायण मेनन आहेत. उभ्यांमध्ये जॉर्ज ऑर्वेल आणि विल्यम एम्प्सन. वर्गात हे छायाचित्र दाखवले की विद्यार्थी एलियटना लगेच ओळखतात, थोड्या वेळाने ऑर्वेलना. अगदी डावीकडे बसलेल्या स्त्रीचे नाव मात्र सहसा कुणाला सांगता येत नाही. त्या वेणू चितळे. कोल्हापूरजवळच्या शिरोळ गावी १९१२ साली त्यांचा जन्म झाला. बी.बी.सी.च्या भारतविषयक विभागात त्या ऑर्वेलच्या सहकारी होत्या आणि मराठीतून तसेच इंग्रजीतून ध्वनिक्षेपण करीत होत्या.

छायाचित्रातला प्रसंग 'व्हॉइस' या कार्यक्रमाचा आहे. 'व्हॉइस' म्हणजे नभोवाणीवरचे मासिक. कागदावर कधीही न छापलेले, महिन्यातून एकदा भारतातील श्रोत्यांसाठी ध्वनिक्षेपित होणारे वाङ्मयीन नियतकालिक. त्याचे सहा अंक निघाले आणि ते बंद पडले. या छायाचित्राकडे आपण साधारणपणे आधुनिक इंग्रजी साहित्याच्या इतिहासातील एक सुखद क्षण म्हणून पाहतो : साम्राज्याच्या राजधानीत वसाहतींतले लेखक आणि इंग्रज लेखक एका टेबलाशी बसून कवितेविषयी बोलत आहेत. हे वाचन खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते अपुरे आहे असे आम्हांस वाटते, आणि त्याचे कारण या मासिकाच्या पहिल्या अंकाच्या तारखेत दडलेले आहे. तो अंक ११ ऑगस्ट १९४२ रोजी ध्वनिक्षेपित झाला.

८ ऑगस्टला गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव संमत झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधी, नेहरू, आझाद आणि काँग्रेस कार्यसमितीचे इतर सभासद यांना अटक झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी लंडनहून भारतीय श्रोत्यांसाठी वाङ्मयीन चर्चा सुरू झाली. सार्वजनिक नभोवाणीवरील चर्चा काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याचा विचार करायचा तर याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

१

प्रथम हे समजून घेतले पाहिजे, की 'चर्चा' हा नभोवाणीचा प्रकार १९४२ पर्यंत चांगलाच रुळलेला होता. बी.बी.सी.त भाषणांचा स्वतंत्र विभाग होता. १९२७ पासून त्याची सूत्रे हिल्डा मॅथेसन यांच्याकडे होती. सभेतल्या व्याख्यानाचा सूर ध्वनिक्षेपकासमोर चालत नाही, घरात एकट्या बसलेल्या माणसाशी बोलावे तसे बोलावे लागते, ही गोष्ट त्यांनी ओळखली आणि वक्त्यांकडून तशी तयारी करून घेतली. वादग्रस्त विषयांवर बोलण्यास बी.बी.सी.ला सुरुवातीला बंदीच होती. ती १९२८ मध्ये उठली. तेव्हापासून चालू घडामोडी, विज्ञान, नवी पुस्तके, नवी कविता असे सगळे एकाच छपराखाली आले. मॅथेसन यांना मात्र पुढे वरिष्ठांशी झालेल्या मतभेदांतून बी.बी.सी. सोडावी लागली, आणि त्या मतभेदांत नव्या साहित्याविषयी किती मोकळेपणाने बोलू द्यावे हाही एक प्रश्न होता.

युद्ध सुरू झाल्यावर या प्रकाराचा पल्ला वाढला. भारतासाठीचा विभाग विस्तारला. त्याचे कार्यक्रम झुल्फिकार अली बुखारी पाहत. हेच पुढे रेडिओ पाकिस्तानचे पहिले महासंचालक झाले. त्यांचे बंधू अहमद शाह, म्हणजे उर्दू वाचकांचे 'पतरस' बुखारी, त्याच काळात भारतात ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख होते. ऑगस्ट १९४१ मध्ये एरिक ब्लेअर, म्हणजेच ऑर्वेल, या विभागात नोकरीस लागले. बिहारमधील मोतिहारीत जन्मलेला, ब्रह्मदेशात पोलिस अधिकारी म्हणून काम करून साम्राज्याविषयी घृणा घेऊन परतलेला हा लेखक आता त्याच साम्राज्याचा आवाज भारतात पोचवणार होता.

त्यांच्या कामाचे दोन भाग होते आणि हे दोन भाग एकमेकांपासून वेगळे ठेवलेले होते. पहिला भाग चालू घडामोडींचा. दर आठवड्याला युद्धस्थितीचा आढावा ते लिहीत. इंग्रजी आढावा बराच काळ दुसरे कोणी वाचत असे. नोव्हेंबर १९४२ पासून तो ऑर्वेल स्वतःच्या नावाने व स्वतःच्या आवाजात वाचू लागले. याखेरीज गुजराती, मराठी, बंगाली, तमिळ अशा भाषांतील वार्तापत्रांसाठीही ते इंग्रजी मसुदे तयार करीत, आणि विभागातील भारतीय सहकारी त्यांचे भाषांतर करून ते वाचून दाखवीत. बी.बी.सी.चे मराठी ध्वनिक्षेपण मार्च १९४२ मध्ये सुरू झाले ते याच काळात. म्हणजे ऑर्वेल यांचे लेखन मराठीत प्रथम पुस्तकरूपाने आले नाही. ते लंडनच्या स्टुडिओतून, लेखकाचे नाव न घेता, ऐकू आले. मराठी वाङ्मयेतिहासात या घटनेची नोंद आम्हांस तरी आढळलेली नाही.

दुसरा भाग संस्कृतीचा. यात ई. एम. फॉर्स्टर यांची नव्या पुस्तकांवरील नियमित भाषणे होती. मुंबई व कलकत्ता विद्यापीठांच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातील इंग्रजी पुस्तकांवर मुद्दाम योजलेली व्याख्याने होती. आणि 'व्हॉइस' होते. आजच्या साहित्याच्या प्राध्यापकाला हेवा वाटावा अशी ही योजना होती. मुंबईच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्याच्या परीक्षेच्या पुस्तकावर इंग्लंडातील पहिल्या प्रतीच्या लेखकाचे विवेचन घरबसल्या ऐकायला मिळणार होते. अट एवढीच, की घरात किंवा कॉलेजात चांगला शॉर्टवेव्ह संच असावा. स्वातंत्र्याच्या वेळीही भारतात परवानाधारक संच सुमारे २ लाख ७५ हजारच होते, हे लक्षात घेतले म्हणजे या 'एवढीच'चा अर्थ कळतो.

२

नभोवाणीवर ऐकू येणारी चर्चा खरोखर चर्चा असते का? १९४२ च्या बी.बी.सी.त तरी ती तशी नव्हती. प्रत्येक भाषण आधी लिहून घेतले जाई. ती संहिता दोन दृष्टींनी तपासली जाई : एक सुरक्षेच्या आणि दुसरी धोरणाच्या. दोन्ही मंजुरीचे शिक्के उमटल्याशिवाय ती स्टुडिओत जात नसे. ध्वनिक्षेपण चालू असताना संहिता हाती घेऊन एक व्यक्ती बटनापाशी बसलेली असे. वक्ता मंजूर शब्दांपासून ढळला तर आवाज तोडण्याचा अधिकार तिला होता. 'स्विच सेन्सॉर' असे या कामाचे नाव होते.

'व्हॉइस'मधला संवादही लिहिलेलाच होता. कुणी कविता वाचतो, दुसरा मध्येच शंका काढतो, तिसरा त्याला अडवतो, मग संपादक विषय पुढे नेतो, हे सारे आधी टंकलिखित झालेले असे. उत्स्फूर्ततेचा आभास निर्माण करणे हे लेखनाचेच एक तंत्र होते. त्यात कमीपणा काही नाही. नाटकही असेच असते. पण नाटकाच्या प्रेक्षकाला आपण नाटक पाहतो आहोत हे ठाऊक असते. नभोवाणीच्या श्रोत्याला वाटते, की आपण एका मोकळ्या बैठकीत कान देऊन बसलो आहोत.

या तंत्राविषयी ऑर्वेल यांनी नंतर 'पोएट्री अँड द मायक्रोफोन' नावाचा निबंध लिहिला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. नभोवाणीचे श्रोते लाखो असले तरी प्रत्येक जण ऐकतो तो एकटा किंवा लहानशा गटात; त्यामुळे सभेतल्या गर्दीसमोर संकोचणाऱ्या कवितेला इथे पुन्हा जवळचा श्रोता मिळू शकतो, असा त्यातला मुख्य विचार आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा. पण त्याच निबंधात एक कबुलीही आहे, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे तितके लक्ष गेलेले नाही. आपला भारतीय श्रोतृवर्ग छोटा आणि विरोधी वृत्तीचा आहे, ब्रिटिश प्रचार म्हणता येईल अशा कशालाही तो दाद देणार नाही, फार तर काही हजार लोक ऐकतील, हे आम्ही आधीच जाणून होतो. त्यामुळेच नेहमी नभोवाणीवर चालते त्यापेक्षा अधिक उच्चभ्रू वाङ्मयीन कार्यक्रम करण्यास निमित्त मिळाले, असे ते सांगतात.

या कबुलीचा अर्थ नीट लावला पाहिजे. भारतीय विद्यार्थ्याशी राजकारण बोलता येत नव्हते, म्हणून त्याच्याशी कविता बोलली गेली. 'व्हॉइस'चा दर्जा इतका वरचा का, याचे एक उत्तर त्या काळच्या राजकीय कोंडीत आहे. संस्कृतीला जागा मिळाली ती राजकारणाने रिकामी ठेवलेली जागा होती.

३

आता ११ ऑगस्टच्या त्या अंकाकडे वळू. त्यात हर्बर्ट रीड, एम्प्सन आणि इतर लेखक सहभागी होते. संपादक म्हणून ऑर्वेल यांनी प्रास्ताविक केले. मासिक सुरू करायला ही वेळ किती वाईट आहे, याची जाणीव त्यांनी त्यात मिस्कीलपणे बोलून दाखवली. इकडे आपण कला-साहित्याच्या गोष्टी करीत बसलो आहोत आणि तिकडे डॉन नदीच्या प्रदेशात रणगाडे धावताहेत, पॅसिफिक महासागरात युद्धनौका एकमेकींचा माग काढताहेत, अशा आशयाचे ते बोलणे आहे. जगातल्या संकटाकडे पाठ फिरवल्याचा आरोप या संपादकावर करता येणार नाही. त्याने संकटाचे नाव घेतले आणि त्यातही कवितेला जागा असावी असे म्हटले.

पण डॉन आणि पॅसिफिक यांच्या मध्ये कुठेतरी मुंबई होती. तिचे नाव त्या प्रास्ताविकात नाही. ज्या श्रोत्यासाठी हे मासिक होते त्याच्या शहरात त्या दिवशी अश्रुधूर आणि गोळीबार चालू होता. ज्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याची कल्पना करून कार्यक्रम आखला होता त्याने वर्ग सोडला होता. दूरच्या दोन रणांगणांचा उल्लेख होतो आणि श्रोत्याच्या दारातल्या घटनेचा होत नाही, तेव्हा ते अनवधान नसते.

ते अनवधान नव्हते याचा पुरावा ऑर्वेल यांच्याच दैनंदिनीत आहे. १९६८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या युद्धकालीन दैनंदिनीत १० ऑगस्टला ते नेत्यांच्या अटकेची, ठिकठिकाणच्या उद्रेकांची व मृत्यूंची नोंद करतात. भारतमंत्री एमरी यांच्या भाषणाची, आणि ते भाषण भारतातही ऐकवले गेल्याची, अत्यंत कडवट शब्दांत वासलात लावतात. १२ तारखेला त्या सकाळी आलेल्या धोरणविषयक सूचनेवर ते संतापतात. या दंगलींना काही महत्त्व नाही अशी तिची भूमिका होती. या दोन नोंदींच्या मध्ये ११ तारीख येते. दैनंदिनीत लिहिणारा आणि ध्वनिक्षेपकासमोर बोलणारा माणूस एकच आहे. १० आणि १२ तारखेला त्याला जे ठाऊक होते ते ११ तारखेलाही ठाऊक होतेच.

इथे ऑर्वेल यांच्यावर दांभिकतेचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते योग्य वाटत नाही. जर्मनी व जपान जिंकले तर भारताच्याही स्वातंत्र्याची आशा संपेल, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. प्रचारयंत्रणेतला आपला कोपरा आपण त्यातल्या त्यात स्वच्छ ठेवू शकतो, असेही त्यांना वाटत होते. स्वतःच्या नावाने ध्वनिक्षेपण करण्याचा प्रश्न ऑक्टोबर १९४२ मध्ये आला तेव्हा त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवले, की माझ्या नावाला भारतात काही किंमत असेल तर ती साम्राज्यविरोधक म्हणून आहे, आणि मी स्वतंत्रपणे बोलतो आहे असे श्रोत्यांना वाटले तरच तिचा उपयोग. या पत्रातला पेच विचार करण्याजोगा आहे. संस्थेला लेखकाचे स्वातंत्र्य हवे होते ते श्रोत्यांवर प्रभाव पडावा म्हणून. त्या स्वातंत्र्याचा वापर करून लेखकाने ११ ऑगस्टला मुंबईचे नाव घेतले असते तर ते चालले नसते. प्रश्न एका लेखकाच्या सचोटीपुरता राहत नाही. ती सचोटी भाड्याने घेणाऱ्या व्यवस्थेचा तो प्रश्न होतो.

४

हवेतून येणारे आवाज त्या वर्षी एकच नव्हते. बर्लिनहून आझाद हिंद रेडिओ सुरू झाला होता आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सुभाषचंद्र बोस त्यावरून स्वतःच्या नावाने बोलू लागले होते. या केंद्राचीही मराठी वार्तापत्रे होती. म्हणजे १९४२ साली मराठी श्रोत्याला त्याची भाषा मुंबई केंद्रावरून ऐकू येत होती, लंडनहून येत होती आणि बर्लिनहूनही येत होती. मराठी तीच, पण तीन सत्ता तिच्यातून बोलत होत्या. या तिन्हींपैकी एकीलाही मराठी श्रोत्याकडून उत्तराची अपेक्षा नव्हती.

मग ऑगस्टच्या अखेरीस मुंबईतच चौथा आवाज उमटला. काँग्रेस रेडिओ हे त्याचे नाव. ४२.३४ मीटरवर, भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून बोलत असल्याचे सांगत हे गुप्त केंद्र बोलू लागले. उषा मेहता ही विल्सन कॉलेजातून पदवी घेतलेली बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे मोजके सहकारी ते चालवीत. राममनोहर लोहिया यांचा त्यांच्याशी संबंध होता. पोलिसांच्या शोधयंत्रांना चुकवण्यासाठी प्रक्षेपक एका घरातून दुसऱ्या घरात हलवावा लागे. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, चिमूर-आष्टीचे प्रकरण अशा बातम्या वृत्तपत्रे सेन्सॉरच्या धाकाने छापत नव्हती तेव्हा या केंद्राने त्या दिल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी धाड घातली आणि हा आवाज बंद झाला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगातून त्या १९४६ मध्ये सुटल्या. पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ राज्यशास्त्र शिकवले.

काँग्रेस रेडिओचे आयुष्य जेमतेम अडीच महिन्यांचे. त्याचा प्रक्षेपक दुर्बळ, श्रोते थोडे. ते चर्चेचे व्यासपीठ नव्हते, एका चळवळीचे मुखपत्र होते, आणि विरोधी मताला त्यावर जागा असण्याचे कारण नव्हते. त्याचा गौरव करताना हे विसरू नये. तरीही 'व्हॉइस'शी त्याची तुलना केल्यावाचून राहवत नाही, कारण दोन्ही कार्यक्रमांच्या मनातला माणूस एकच आहे : मुंबईचा शिकलेला, इंग्रजी जाणणारा, राजकीयदृष्ट्या जागा झालेला तरुण. लंडनने त्याला आधुनिक कवितेचा श्रोता मानले. त्याच्याच पिढीतील एका मुलीने स्वतःच ध्वनिक्षेपक हाती घेतला. बी.ए.च्या पुस्तकांवर व्याख्याने योजणाऱ्या लंडनच्या मंडळींना ही विद्यार्थिनी कुठल्याही अभ्यासक्रमात भेटली नसती.

१९४३ मध्ये ऑर्वेल यांनी भारतासाठीच्या ध्वनिक्षेपणांची निवड 'टॉकिंग टू इंडिया' या नावाने संपादित केली. त्यात फॉर्स्टर आहेत, इतर लेखक-विचारवंत आहेत, आणि शत्रुपक्षाच्या प्रचाराचा मासला म्हणून सुभाषबाबूंचे एक नभोवाणी-भाषणही आहे. हे भाषण छापण्यात धाडस होते, हे मान्य केले पाहिजे. पण ब्रिटिश राजवटीने भारतातून निघून जावे, हा त्या काळी कोट्यवधी भारतीयांच्या मनात असलेला विचार या पुस्तकात ठळकपणे येतो तो बर्लिनहून आलेल्या भाषणात. त्याच विचाराचे, पण बर्लिनला न गेलेले नेते त्या वेळी अहमदनगरच्या किल्ल्यात आणि आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होते, आणि त्यांच्याशी चर्चा करण्याची सोय लंडनच्या त्या टेबलावर नव्हती.

५

२९ डिसेंबर १९४२ च्या नाताळ अंकानंतर 'व्हॉइस' थांबले. मधल्या अंकांतून युद्धकाव्य, बालपण, अमेरिकन साहित्य, इंग्रजी साहित्यावरील पौर्वात्य प्रभाव असे विषय झाले. सप्टेंबर १९४३ मध्ये ऑर्वेल यांनी राजीनामा दिला. आपल्या मताविरुद्ध बोलायला कुणी लावले नाही, वरिष्ठांनी चांगलेच वागवले, असे त्यांनी पत्रात आवर्जून नमूद केले. ज्या कामातून काही निष्पन्न होत नाही त्यात आपला वेळ आणि सार्वजनिक पैसा वाया जातो आहे, असे त्यांनी कारण दिले. त्याआधी बी.बी.सी.चे अधिकारी लॉरेन्स ब्रँडर भारतात फिरून आले होते आणि श्रोते फारच थोडे असल्याचे त्यांनी कळवले होते.

या दोन वर्षांचे काय करायचे, हा प्रश्न इंग्रजी समीक्षेने आपल्या परीने सोडवला आहे. ही ध्वनिक्षेपणे १९८५ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हापासून 'नाइन्टीन एटी-फोर'ची बीजे त्यांत शोधली जातात : सत्य मंत्रालयाची इमारत, सेन्सॉरची कात्री, कंटाळवाण्या बैठकांची खोली. या शोधात तथ्य आहे. परंतु त्याने एक गोष्ट घडते. भारतीय श्रोत्यासाठी झालेला सारा खटाटोप अखेर एका इंग्रजी कादंबरीचा कच्चा माल ठरतो आणि श्रोता दुसऱ्यांदा नाहीसा होतो. मराठी वार्तापत्रांचेच पाहा. ऑर्वेल यांच्या समग्र वाङ्मयात त्यांच्या तारखांच्या नोंदी आहेत, संहिता हाती लागलेल्या नाहीत. युद्ध आणि साम्राज्य यांविषयीचे ते वाक्य मराठीत कसे उतरले असेल, भाषांतर करणाऱ्याने कुठला शब्द टाळला आणि कुठला निवडला असेल, हे तपासायला आज आपल्यापाशी साधन नाही.

वेणू चितळे यांच्या बाबतीतही असेच झाले. युद्धकाळात ब्रिटिश श्रोत्यांसाठी 'किचन फ्रंट' या कार्यक्रमातून त्यांनी रेशनच्या दिवसांत शाकाहारी स्वयंपाक कसा करावा हे सांगितले. स्वातंत्र्यानंतर त्या भारतात परतल्या. १९५० मध्ये 'इन ट्रान्झिट' ही त्यांची इंग्रजी कादंबरी मुंबईत प्रसिद्ध झाली. पुण्याच्या एका ब्राह्मण एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती कथा आहे, आणि स्वातंत्र्याच्या चळवळीचे वारे त्या घरात कसे शिरते हे ती दाखवते. १९४२ साली लंडनच्या ध्वनिक्षेपकावरून जे सांगता येत नव्हते त्याचा काही भाग या कादंबरीत आला आहे असे म्हटले तर ते अतिशयोक्त होऊ नये. ही कादंबरी आज भारतीय इंग्रजी साहित्याच्या पेपरातही क्वचितच भेटते, मराठीच्या पेपरात तर नाहीच.

६

दुसरे काही घडू शकले असते का? या प्रश्नाचे उत्तर त्याच छायाचित्रात मध्यभागी बसलेल्या स्त्रीपाशी आहे. 'व्हॉइस' बंद पडल्यानंतर काही महिन्यांनी, १९४३ मध्ये, युना मार्सन यांनी वेस्ट इंडीजसाठी 'कॅरिबियन व्हॉइसेस' हा कार्यक्रम सुरू केला. पुढे हेन्री स्वान्झी यांनी तो वाढवला आणि १९५८ पर्यंत तो चालला. डेरेक वॉलकॉट, जॉर्ज लॅमिंग, सॅम सेल्व्हन, व्ही. एस. नायपॉल या नावांच्या जडणघडणीत त्याचा वाटा आहे. नायपॉल यांनी तर काही काळ तो संपादितही केला.

दोन्ही कार्यक्रम एकाच संस्थेचे होते आणि ध्वनिक्षेपक लंडनमध्येच होता. फरक पडला तो एका व्यवस्थेने. 'कॅरिबियन व्हॉइसेस'साठी कथा-कविता बेटांवरून मागवल्या जात. तिथल्या लेखकाने पाठवलेले हस्तलिखित लंडनला जाई, वाचले जाई, त्यावर टीका होई, मानधन मिळे, आणि तेच पुन्हा शॉर्टवेव्हवरून त्याच्या बेटावर ऐकू येई. श्रोता लेखक होऊ शकत होता. 'व्हॉइस'मध्ये मुल्कराज आनंद, नारायण मेनन, वेणू चितळे होते, पण ते लंडनमध्ये होते. मुंबई, पुणे, नागपूर, कलकत्ता इथून परत जाणारा मार्ग त्यात नव्हता. युद्धकाळात तो असणे कठीण होते हे खरे. १९४२ च्या भारतातून खरेखुरे उत्तर मागवले असते तर ते कवितेपुरते राहिले नसते, हेही तितकेच खरे.

'कॅरिबियन व्हॉइसेस'चे फार उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. कोणते लेखन चांगले हे ठरवण्याचा अधिकार अखेर लंडनकडे होता. तरी परतीचा मार्ग खुला राहिल्याने एका प्रदेशाच्या साहित्याला बळ मिळाले, आणि तो नसल्याने अधिक नामवंतांचा सहभाग लाभलेले मासिक सहा अंकांत विरून गेले, हा फरक उरतोच.

बी.बी.सी.ची मराठी नभोवाणी सेवा १९५८ मध्ये बंद झाली. २०१७ मध्ये बी.बी.सी. मराठीत पुन्हा आली ती संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर. भारतात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. मालमत्ता सार्वजनिक असणे आणि तिच्यावरून चालणारी चर्चा सार्वजनिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र १९४२ चे उदाहरण सांगते.

साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना या इतिहासाचा एक काटा विशेष टोचला पाहिजे. वाङ्मयीन चर्चा ही आपली सुरक्षित जागा आहे असे आपण धरून चालतो. चर्चासत्रात, नियतकालिकात, नभोवाणीवरच्या परिसंवादात आपण कवितेविषयी मोकळेपणाने बोलतो आणि या मोकळेपणाला स्वातंत्र्य समजतो. ती जागा आपल्याला का मिळाली आहे, तिच्या मोबदल्यात कोणते नाव उच्चारायचे नाही असे ठरले आहे, हे आपण विचारत नाही. ऑर्वेल यांनी ते निदान दैनंदिनीत विचारले होते. 'व्हॉइस'चे ते छायाचित्र पुन्हा वर्गात दाखवू तेव्हा त्याखाली ११ ऑगस्ट १९४२ ही पहिल्या अंकाची तारीख लिहावी, डावीकडच्या स्त्रीचे नाव सांगावे, आणि त्या दिवशी मुंबईत काय चालले होते हे विद्यार्थ्यांनाच शोधून आणायला सांगावे, असे आम्ही ठरवले आहे.